टेलमध्ये जाणारं तांबं परत कसं मिळवायचं? फ्लोटेशनवर नव्यानं आलेल्यांसाठी

फ्लोटेशन सेक्शनला, म्हणजे दळलेल्या दगडातलं तांब्याचं खनिज फेसावर तरंगवून वेगळं करतात तिथं, नवा इंजिनिअर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. एक, फेसाकडे बघत राहा. दोन, रिकव्हरी (दगडातलं किती टक्के तांबं हाती आलं तो आकडा) पडली की झँथेट (तांब्याच्या कणांना तरंगायला लावणारं रसायन) वाढव. पहिला सल्ला लाखमोलाचा आहे. दुसऱ्याच्या नादी लागून मी माझी पहिली दोन वर्षं घालवली. कंपनीचं बरंच झँथेटही त्यात वाया गेलं, ते वेगळंच.

रिकव्हरी वाढवायची म्हणजे नवं औषध, म्हणजे रसायन, शोधायचं, असा सगळ्यांचा समज असतो. खरं काम आहे ते टेलमध्ये, म्हणजे टाकाऊ मालात, तांबं कुठून निसटतंय ते शोधण्याचं. ते कळलं की उपाय बहुतेक वेळा समोरच असतो, आणि पुष्कळदा फुकटही असतो. त्यामुळे या लेखात औषधांचा नंबर बराच उशिरा लागेल.

उदाहरण म्हणून मलांजखंडसारखं खनिज डोळ्यांसमोर ठेवू. गोंदियाहून बालाघाटमार्गे तिथं जाता येतं. मध्य प्रदेशातली हिंदुस्थान कॉपरची ही खाण १९८२ पासून चालू आहे. तिथलं तांबं मुख्यतः चाल्कोपायराइट या तांबं-लोह-गंधकाच्या खनिजाच्या रूपात, क्वार्ट्झ आणि ग्रॅनाइटमध्ये आहे, आणि खनिजातलं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या घरातलं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासनालाही तांब्याचं खनिज आहे. पुढे दिलेले हिशोबाचे आकडे मात्र कुठल्याही एका प्लांटचे नाहीत, शिकण्यापुरते धरलेले आहेत.

एक टक्का म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. शंभर टन दगडात एक टन तांबं. चाल्कोपायराइटमध्ये तांबं ३४.६ टक्के असतं, म्हणजे खनिज झालं तीन टनांहून थोडं कमीच. उरलेले ९७ टन फोल दगड. हा दगड दळायचा, पाण्यात कालवायचा आणि त्यात थोडं झँथेट टाकायचं. झँथेट चाल्कोपायराइटच्या कणावर जाऊन बसतं आणि कणाचं अळवाचं पान होतं, त्याच्यावर पाणी ठरत नाही. खालून हवा सोडली की असा कण बुडबुड्याला चिकटतो, वर येतो आणि फेसाबरोबर सेलच्या, म्हणजे टाकीच्या, ओठावरून बाहेर पडतो. क्वार्ट्झ भिजलेलाच राहतो आणि टेलला जातो. एवढंच तत्त्व आहे. पुढची सगळी कटकट उरलेल्या आठ-दहा टक्के तांब्यासाठी.

पहिली पायरी: नमुना आणि हिशोब

रिकव्हरीचं सूत्र तीन आकड्यांवर चालतं. फीडमधलं (आत येणाऱ्या मालातलं) तांबं फ, कॉन्सन्ट्रेटमधलं (फेसातून मिळालेल्या मालातलं) क आणि टेलमधलं ट, सगळे टक्क्यांत:

रिकव्हरी = १०० × क × (फ − ट) ÷ [फ × (क − ट)]

समजा फ १.००, क २५ आणि ट ०.१०. रिकव्हरी येते ९०.४ टक्के. आता कॉन्सन्ट्रेटचा आकडा २५ ऐवजी २४ करून बघा: उत्तर जवळपास जागचं हलतच नाही. मग टेल ०.१० चा ०.११ करा. रिकव्हरी थेट ८९.४ वर! म्हणजे टेलच्या आकड्यातला दुसऱ्या दशांश स्थानावरचा एक अंक म्हणजे रिकव्हरीचा एक टक्का. याच हिशोबानं, दिवसाला पाच हजार टन दळणाऱ्या प्लांटनं टेल ०.१० वरून ०.०८ वर आणला, तर रोजचं जवळजवळ एक टन तांबं जास्त हाती येतं.

आता स्वतःला विचारा, तुमच्या टेलचा नमुना इतका विश्वासाचा आहे का?

एका प्लांटवर रात्रपाळीचे टेलचे आकडे मला फार आवडायचे. काय सुरेख, सगळे सारखे! दिवसपाळीत आकडे वर-खाली व्हायचे, रात्री मात्र ०.०९, ०.०९, ०.०९. एकदा पहाटे पाचला उगाच चक्कर मारली, तेव्हा गुपित कळलं. तासातासाचे आठ नमुने एकाच बादलीतून, एकाच वेळी भरले जात होते. नमुने घेणाऱ्या पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता. नमुना घ्यायची जागा अंधारात, निसरड्या जिन्याखाली होती. तिथं आधी दिवा आणि कठडा बसवला, मग नमुने आपोआप सुधारले.

नमुना घेताना कटर (धार कापून नमुना घेणारं भांडं) धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच वेगानं पूर्ण फिरला पाहिजे. धारेच्या कडेला भांडं लावून भरून घेतला तर त्यात हलके, बारीक कण जास्त येतात. जड आणि भरड कण कुठेतरी मधल्या भागात किंवा तळाशी वाहत असतात. बादली भरून वाहू देऊ नका, वाहून जातं ते बारीकच असतं. विश्लेषणाचा नमुना साधारण १०० अंशांच्या आसपास सुकवला तरी चालतो. फ्लोटेशनच्या चाचणीसाठीचा नमुना मात्र सुकवूच नका, त्याच दिवशी वापरा. सुकताना सल्फाइडचा पृष्ठभाग गंजतो आणि मग चाचणी खोटं बोलते.

दर महिन्याला प्लांटचं कागदावरचं तांबं आणि प्रत्यक्ष पाठवलेल्या कॉन्सन्ट्रेटमधलं तांबं ताडून बघा. फरक मोठा असेल तर पुढच्या पायऱ्यांकडे वळूच नका. आधी वजनकाटा, ओलाव्याची टक्केवारी आणि कटर तपासा.

दुसरी पायरी: टेल चाळा

सगळ्या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

आठवडाभराच्या टेलचा एकत्र नमुना घ्या आणि ओल्या चाळणीनं वेगवेगळ्या जाडीत वेगळा करा. १०० मेश म्हणजे १५० मायक्रॉन, २०० म्हणजे ७५, ४०० म्हणजे ३८. त्याखालच्या मालासाठी सायक्लोसायझर (बारीक कण जाडीनुसार वेगळे करणारं उपकरण) लागतो. तो नसेल तर बादलीत ढवळून, ठरावीक वेळ निवळू देऊन, वरचं गढूळ पाणी ओतून काढण्याची जुनी पद्धतही कामचलाऊ आहे. मग प्रत्येक भागाचं वजन करायचं आणि प्रत्येक भागातलं तांबं काढायचं. समजा असं आलं:

- १५० मायक्रॉनच्या वरचा माल: वजन १८ टक्के, तांबं ०.२२ टक्के
- १५० ते ७५: वजन २५, तांबं ०.०७
- ७५ ते ३८: वजन २०, तांबं ०.०४
- ३८ ते १०: वजन १७, तांबं ०.०५
- १० च्या खालचा: वजन २०, तांबं ०.१३

प्रत्येक ओळीतलं वजन आणि तांबं गुणा. बेरीज टेलच्या एकूण आकड्याशी, इथं ०.१० शी, जुळायला हवी. आता वाटणी बघा. वाया जाणाऱ्या तांब्यापैकी ४० टक्के एकट्या भरड मालात आहे, जो वजनानं पाचवा हिस्साही नाही. आणखी २६ टक्के अगदी बारीक गाळात. मधल्या दोन भागांत, ७५ पासून १० मायक्रॉनपर्यंत, वजन ३७ टक्के असूनही तांब्याचा वाटा जेमतेम १७.

हा आकार जवळजवळ प्रत्येक प्लांटवर दिसतो: दोन्ही टोकांना नुकसान, मध्ये सगळं ठीक. भरड कणात चाल्कोपायराइट क्वार्ट्झच्या पोटात अडकलेलं असतं, झँथेटला बसायला जागाच मिळत नाही. आणि पृष्ठभाग थोडा उघडा असला तरी जड कणाला बुडबुडा वर ओढून नेऊ शकत नाही, वाटेत गळतो. बारीक कणाची अडचण उलटी. तो इतका हलका असतो की बुडबुड्यावर आदळतच नाही, पाण्याच्या प्रवाहाबरोबर त्याला वळसा घालून निघून जातो. वाऱ्याबरोबर उडणारं पीस हातात धरून बघा, तसंच.

तुमच्या तक्त्यात भरड टोक जड असेल, म्हणजे तिथून जास्त तांबं जात असेल, तर चौथ्या पायरीकडे जा. बारीक टोक जड असेल तरीही चौथ्याच पायरीकडे जा, कारण त्याचा उलगडाही तिथंच होईल. दोन्ही टोकं बरी असून मधलाच भाग वाईट असेल, तर दोष दळणात नाही. तो औषधात, हवेत किंवा वेळेत आहे.

भरड भाग सूक्ष्मदर्शकाखाली एकदा जरूर बघा. पॉलिश केलेल्या तुकड्यात पिवळं चाल्कोपायराइट क्वार्ट्झमध्ये कसं अडकलंय ते डोळ्यांनी दिसलं की पुढची अर्धी चर्चा संपते. प्लांटवर सोय नसेल तर नागपूरला हिंगण्याला भारतीय खाण ब्युरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आहे, अशा कामांसाठीच.

तिसरी पायरी: ऑक्साइड आहे का ते बघा

छोटं काम आहे, पण टाळू नका. टेलचा थोडा नमुना सौम्य सल्फ्युरिक आम्लात ढवळून किती तांबं विरघळतं ते मोजा. मॅलाकाइटसारखी हिरवी ऑक्साइड खनिजं आम्लात विरघळतात, चाल्कोपायराइट जवळजवळ विरघळत नाही. टेलमधल्या तांब्याचा मोठा हिस्सा आम्लात उतरला, तर तुम्ही कितीही बारीक दळा, साधं झँथेट ते तांबं उचलणार नाही. खाणीच्या वरच्या थरातला किंवा जुन्या ढिगाऱ्यातला माल आला की असं होतं. सोडियम हायड्रोसल्फाइडनं अशा कणांना सल्फाइडचा मुलामा देता येतो. पण मात्रा थोडी जास्त झाली की चांगलं चाल्कोपायराइटही दबतं, आणि पीएच खाली गेला तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो. हा वायू जीवघेणा आहे. नवख्यानं एकट्यानं हा प्रयोग करू नये.

पुष्कळदा उत्तर प्लांटमध्ये नसून खाणीत असतं. तो माल वेगळा ठेवा, थोडाथोडा मिसळा. खाणवाल्यांबरोबर रोज सकाळी एक चहा घेतला तर हे जमतं.

चौथी पायरी: दळण आणि सायक्लोन

आता सगळ्यात गमतीची गोष्ट. भरड टोकाला आणि बारीक टोकाला होणारं नुकसान एकाच यंत्रातून येतं.

सायक्लोन (दळलेला माल गरगर फिरवणारा शंकू) कण जाडीनुसार वेगळे करतो, जाड खाली मिलकडे आणि बारीक वरून फ्लोटेशनला, असं आपण म्हणतो, पण तो वजनही बघतो. चाल्कोपायराइटची घनता ४.२ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५. त्यामुळे पुरेसा बारीक झालेला, सुटा झालेला चाल्कोपायराइटचा कण जड म्हणून खाली जातो, परत मिलमध्ये पडतो, पुन्हा दळला जातो, पुन्हा परत. शेवटी त्याचा गाळ होतो. त्याच वेळी क्वार्ट्झचा भरड कण, ज्याच्या पोटात थोडं तांबं आहे, हलका म्हणून वरून सुटतो आणि फ्लोटेशनला येतो. ज्याला दळायची गरज नव्हती तो दळला जातो, आणि ज्याला होती तो निसटतो.

म्हणून ‘बारीक दळा’ हा आदेश धोक्याचा आहे. आधी सायक्लोन सुधारा. रोज या गोष्टी बघा:

स्पिगॉटमधून (सायक्लोनच्या तळाच्या तोंडातून) खाली पडणारा माल छत्रीसारखा फाकून पडायला हवा. दोरीसारखा सरळ, घट्ट पडत असेल तर स्पिगॉटला तो माल झेपत नाही आणि जाड माल वरून निसटतोय. झिजून मोठा झालेला स्पिगॉट उलटं करतो: पाणी आणि बारीक माल खाली नेतो, आणि तो बिनकामाचा पुन्हा दळला जातो. वर्तुळाकार प्रवाहाची वरची नळी, व्होर्टेक्स फाइंडर, झिजली किंवा तिला भोक पडलं तर जाड माल थेट फ्लोटेशनला. सहा सायक्लोनपैकी एक जरी असा असला तरी सगळ्यांचं मिळून आलेलं फीड बिघडतं, आणि एकत्र नमुन्यात ते पटकन कळत नाही. म्हणून प्रत्येक सायक्लोनचा ओव्हरफ्लो (वरून निघणारा माल) वेगवेगळा चाळा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सहापैकी एकाचा माल इतरांच्या जवळपास दुप्पट जाड निघाला. तो बंद करून राखीव सायक्लोन चालू करायला वीस मिनिटं लागली. त्याआधी आम्ही कितीतरी दिवस औषधं बदलत बसलो होतो!

नंतर पाणी. सायक्लोनच्या फीडमध्ये पाणी वाढवलं की कट बारीक होतो, घट्ट केलं की जाड. टनेज वाढवायच्या घाईत पाणी तेवढंच राहतं, फीड घट्ट होतं आणि रिकव्हरी पडते, हे दर तिमाहीच्या शेवटी दिसतं. मिलमधल्या दळणाऱ्या गोळ्यांची भरतीही ठरल्या दिवशी झाली पाहिजे. महिनाअखेरीस एकदम टाकलेले गोळे त्या महिन्याचं दळण सुधारत नाहीत.

सुटं झालेलं चाल्कोपायराइट गाळ होण्याआधीच काढून घ्यायचं असेल तर सायक्लोनच्या खालच्या मालावर फ्लॅश फ्लोटेशनचा सेल बसवतात. तो खर्चिक विषय आहे, पण तुमच्या तक्त्यात बारीक टोक फार जड असेल तर साहेबांसमोर मांडण्यासारखा आहे.

पाचवी पायरी: औषधं, पण आधी मोजून

आता झँथेटकडे येऊ. फ्लोटेशनमधल्या त्याच्या वापराचं पेटंट १९२५ मधलं, आणि तेव्हापासून तांब्याच्या फ्लोटेशनमध्ये त्याचं राज्य आहे. मात्रा टनामागे साधारण १० ते ५० ग्रॅम. एवढीशी मात्रा असल्यामुळे ती खरंच पडतेय का, हे कुणी बघत नाही.

हिशोब असा. ताशी २०० टन फीड, मात्रा टनाला २० ग्रॅम, म्हणजे ताशी ४,००० ग्रॅम. १० टक्क्यांच्या द्रावणात लिटरमागे १०० ग्रॅम, म्हणजे ताशी ४० लिटर, मिनिटाला ६६७ मिलिलिटर. आता मोजपात्र आणि घड्याळ घ्या आणि नळीच्या तोंडाशी एक मिनिट धरा. पाळीतून एकदा, प्रत्येक नळीवर. एका ठिकाणी पडद्यावर ४० दिसत होते आणि पात्रात २२ आले. नळीत पांढरा थर साठला होता. झँथेट वाढवून रिकव्हरी वाढते, असं तिथल्या लोकांचं ठाम मत होतं. असणारच, पडतच निम्मं होतं.

सगळं झँथेट एकदम डोक्यावर ओतू नका. बारीक कणांचा पृष्ठभाग प्रचंड असतो, ते सगळं आधी खाऊन टाकतात आणि भरड कण उपाशी राहतात. काही भाग मिल किंवा कंडिशनरमध्ये (औषध मिसळायच्या टाकीत), उरलेला रफरच्या (सेलच्या पहिल्या टप्प्याच्या) मधल्या सेलमध्ये असा टप्प्याटप्प्यानं दिला तर तेवढ्याच मात्रेत भरड माल जास्त उचलला जातो. बिनखर्ची सुधारणा, आणि तरीही बऱ्याच ठिकाणी करायची राहून जाते.

चुन्यानं पीएच वाढतो आणि पायराइट (लोह-गंधकाचं नको असलेलं खनिज) दबतं. रफरला साधारण ९.५ ते १०.५, क्लिनरला (रफरचा फेस पुन्हा साफ करणाऱ्या टप्प्याला) ११ च्या वर, हा नेहमीचा पट्टा. खनिजात पायराइट कमी असेल तर रफरमध्ये इतक्या चुन्याची गरजही नसते. पीएच मीटरच्या टोकावर चुन्याचा थर बसतो आणि तो बिनधास्त १०.२ दाखवत राहतो. रोज सकाळी ७ आणि १० पीएचच्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवून तपासा.

फेस धरणारं औषध, पाइन ऑइल असो वा एमआयबीसी, गरजेपेक्षा जास्त झालं की फेस ताठ होतो. मग तो फोल दगडही वर आणतो, आणि लाँडरमध्येही (फेस वाहून नेणाऱ्या पन्हळीतही) मोडत नाही. पंप हवा ओढू लागतो, सम्प (माल साठायचा खड्डा) भरून वाहतो आणि तुम्ही फरशी धुण्यात तांबं घालवता.

झँथेट हाताळताना: ते कोरड्या, थंड जागी ठेवा. ओलावा लागला की ते कुजतं आणि कार्बन डायसल्फाइड सुटतो. तो विषारी आहे आणि अगदी सहज पेट घेतो. मिक्सिंगच्या खोलीत ठिणगी नको, वारा खेळता हवा, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा. आम्लाच्या जवळ तर नकोच. द्रावण ताजंच वापरा.

सहावी पायरी: हवा, पातळी आणि वेळ

इथं ऑपरेटरचे डोळे कामाला येतात. माझ्या पहिल्या प्लांटवरचे एक काका फेसाकडे बघून म्हणायचे, “साहेब, फेस रडून राहिला,” म्हणजे पाणीदार झाला. त्यांचा अंदाज एक्स-रे ॲनलायझरच्या आधी खरा ठरायचा. ते काळी थाळी घेऊन टेल धुवायचे, सुपात पाखडल्यासारखी थाळी हलवायचे, आणि काठाशी पितळी पिवळी रेघ किती लांब आली ते बघायचे. हे तुम्हीही शिका, दोन आठवड्यांत जमतं.

आधी घनता. एक लिटरच्या डेन्सिटी कॅननं रफरच्या फीडची घनता मोजा. दगडाची घनता २.७ धरली तर १.२५ ची स्लरी म्हणजे सुमारे ३२ टक्के घन. रफरसाठी हे ठीक. घट्ट होत ४० कडे गेली तर बुडबुडे नीट पसरत नाहीत. फार पातळ केली तर सेलमध्ये माल थांबायचा वेळ कमी होतो, आणि सावकाश तरंगणारे कण तसेच निघून जातात.

मग बँकेच्या, म्हणजे सेलच्या रांगेच्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक सेलच्या फेसाचा नमुना घ्या. शेवटच्या स्कॅव्हेंजर (रफरनंतर उरलेलं तांबं ओढणाऱ्या) सेलचा फेस फीडएवढाच किंवा त्याहून गरीब असेल तर तिथं आणखी ओढण्यात अर्थ नाही. तो फीडच्या कितीतरी पट श्रीमंत असेल तर वेळ कमी पडतोय, किंवा आधीचे सेल काम करत नाहीत. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी असते: रोटर झिजलेला, तळाशी वाळू बसलेली, सेलची पातळी राखणारा डार्ट व्हॉल्व्ह अडकलेला.

हवेबद्दल लोकांचं मत असं की जास्त हवा म्हणजे जास्त रिकव्हरी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं की प्रत्येक सेलला हवेचा एक नेमका बिंदू असतो. सेलमध्ये सोडलेल्या हवेपैकी न फुटता ओठावरून बाहेर पडणारा भाग मोजायचा. हवा कमी असेल तर फेस हळू चालतो आणि वाटेत फुटतो. हवा जास्त झाली की बुडबुडे मोठे आणि पाणीदार होतात आणि तेही फुटतात. मध्ये कुठेतरी शिखर असतं, आणि बहुतेक वेळा रिकव्हरीही तिथंच सगळ्यात चांगली मिळते.

मोजणी अवघड नाही. ओठावरून फेस किती उंच वाहतोय ते पट्टीनं, वेग मोबाइलच्या व्हिडिओवरून. ओठाची लांबी १२ मीटर, उंची ४ सेंटिमीटर, वेग सेकंदाला १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला ०.०४८ घनमीटर फेस बाहेर पडतोय. हवा मिनिटाला १० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.१६७. भागाकार २९ टक्के. हवा चार-पाच टप्प्यांत बदला, प्रत्येक टप्प्यावर १५–२० मिनिटं थांबा आणि आकडे कागदावर मांडा. पहिल्या तीन-चार रफर सेलवर हे केलं तरी पुरे, बहुतेक तांबं तिथंच उचललं जातं.

फेसाची जाडी रफरला कमी ठेवा, क्लिनरला जास्त. कॉलम सेल (उंच नळकांड्यासारखा) असेल तर अर्धा ते एक मीटर, वरून धुण्याचं पाणी.

सातवी पायरी: क्लिनर

क्लिनरचं दुखणं वेगळं. कॉन्सन्ट्रेट २५ टक्क्यांचं हवं असताना आपण २८ चं काढतो आणि स्वतःची पाठ थोपटतो. तो वरचा ग्रेड रिकव्हरीतून विकत घेतलेला असतो. करारात जे लिहिलंय त्याच्या थोडं वर राहा, त्याहून पुढे जाऊ नका.

क्लिनरचा टेल बहुधा रफरच्या डोक्यावर परत जातो. अर्धवट अडकलेले कण असे फिरत राहतात, साठतात आणि एक दिवस रफरच्या टेलमधून निघून जातात. तुम्हाला वाटतं फीड बिघडलं. क्लिनर टेलचा नमुना वेगळा चाळा: त्यातलं तांबं अडकलेलं असेल तर रिग्राइंडचं (रफरच्या फेसाचं पुन्हा होणारं) दळण तपासा, सुटं असेल तर क्लिनरला हवा किंवा वेळ कमी पडतोय.

आठवी पायरी: बदल सिद्ध करा

इथंच नवे लोक फसतात, आणि औषध विकणारे मजेत राहतात. सोमवारी नवं औषध घातलं, मंगळवारी रिकव्हरी एक टक्का वाढली, बुधवारी पेढे! त्या दिवशी खाणीतून मऊ, श्रीमंत माल आला होता, हे कुणी बघत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन दिवसांची जोडी करा: एक दिवस जुनी पद्धत, एक दिवस नवी. आधी कुठली, ते नाणं उडवून ठरवा, सोयीनं नाही. बदलानंतरचे पहिले दोन-तीन तास मोजू नका, प्लांट स्थिरावू द्या. प्रत्येक जोडीतला फरक लिहा, मग सरासरी काढा.

अशा फरकांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) दोन टक्के असेल आणि तुम्हाला अर्ध्या टक्क्याची सुधारणा पकडायची असेल, तर चाळीस-पन्नास जोड्या लागतात. म्हणजे तीन महिने. हे ऐकून व्यवस्थापन कपाळाला हात लावतं. पाळीनिहाय बदललं तर वेळ कमी लागतो, पण पाळ्या एकसारख्या नसतात, म्हणून नाणं इथंही उडवायचंच. आणि हो, ऑपरेटरना कुठल्या पाळीत काय चालू आहे ते शक्यतो कळू देऊ नका. नाहीतर नव्या औषधाच्या पाळीत सगळे जास्त लक्ष देऊन काम करतात, आणि श्रेय मिळतं डब्याला.

बदल टिकला की महिन्याभरानं तोच टेल, त्याच चाळण्यांनी पुन्हा चाळा. १५० च्या वरचं तांबं ०.२२ वरून ०.१० वर आलं आणि बाकीचं जागेवर राहिलं, तर एकूण टेल ०.०८ च्या आत उतरलेला दिसेल. वरचं उतरलं पण १० मायक्रॉनखालचं चढलं, तर दळण जास्त झालंय. सायक्लोनपाशी परत जा, आणि जाताना डेन्सिटी कॅन घेऊन जा.